गावचे घर, वरचे पॅनेल आणि मार्चअखेरचा हिशेब



अलीकडे गावोगावी एकच विषय निघतो. चावडीवर बसा, दूध घालायला डेअरीत जा, नाही तर मल्हारपेठेच्या बाजारात उभे राहा, कोणी ना कोणी विचारतोच, "पॅनेल बसवलं का? बिल शून्य येतं म्हणं!" त्यावर दुसरा विचारतो, "आमचं घर वर्षात दोन महिनं उघडं. आम्ही बसवावं का न्हाई?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणारे पुष्कळ आहेत. दारावर येणारा विक्रेता ते पाठ करूनच येतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणी धड देत नाही, आणि पाटण तालुक्यात तोच प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. म्हणून या अंकात त्याचा आकड्यांनिशी विचार करू.

आपल्या भागातील बंद घरे

आपल्या तालुक्याचे आणि मुंबईचे नाते जुने आहे. ढेबेवाडी, तारळे, मोरगिरी, चाफळ, हेळवाक या सगळ्या खोऱ्यांतून माणसे पोटासाठी मुंबईला गेली. कोणी गिरणीत लागले, कोणी बाजारात पाठीवर ओझी वाहिली. माथाडी कामगारांचे नेते कै. अण्णासाहेब पाटील हे याच तालुक्यातले, मंद्रुळकोळ्याचे. १९६९ साली माथाडी कायदा झाला, हमालाला हक्काची मजुरी व भविष्य निर्वाह निधी मिळू लागला. त्याच पैशातून गावी घरे उभी राहिली. मातीची गेली, चिऱ्या-विटांची आली. कौले उतरली, स्लॅब पडले.

घरे उभी राहिली, पण राहायला कोणी नाही. गणपतीला घर उघडते, दिवाळीला उघडते, गावच्या जत्रेला उघडते आणि मे महिन्यात पोराबाळांनी भरते. उरलेले दहा महिने दाराला कुलूप आणि अंगणात गवत. काही घरांत म्हातारी आई किंवा वडील एकटे राहतात आणि मुले येऊन-जाऊन असतात. वीजबिलाच्या दृष्टीने ही दोन घरे अगदी वेगळी आहेत. पुढे सगळा हिशेब याच फरकावर फिरणार आहे, तेव्हा तो ध्यानात ठेवावा.

आपल्याला वीज नवी नाही

विजेच्या बाबतीत पाटण तालुक्याला कोणी नवखे म्हणू नये. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला पोफळीकडे जाते आणि साठीच्या दशकापासून महाराष्ट्राला वीज देते. त्यासाठी या खोऱ्यातील गावेच्या गावे उठली, हे आपण विसरलेलो नाही. पुढे वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आल्या. पाणी झाले, वारा झाला, आता उन्हाची पाळी आहे.

यातही आपला तालुका पुढे आहे. मान्याचीवाडी हे आपल्याच तालुक्यातले गाव २०२४ साली राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाले. तिथल्या १०२ वीजजोडण्यांसाठी मिळून ११२ किलोवॅटचे संच बसले. भागाकार करून पाहा. एका जोडणीमागे एक किलोवॅटच्या थोडेसे वर येते. खेड्यातल्या साध्या घराला किती मोठा संच पुरतो, याचे याहून जवळचे उदाहरण सापडणार नाही. दारावरचा विक्रेता तीन किलोवॅटच्या गोष्टी सांगू लागला, की मान्याचीवाडीचा हा आकडा आठवावा.

संच कसा चालतो

छपरावरची पॅनेले उन्हापासून वीज करतात. ती इन्व्हर्टरमधून घरात येते. घराला लागेल तेवढी घर वापरते, उरलेली तारेवरून महावितरणकडे जाते. रात्री आणि पावसाळ्यात घर महावितरणकडून वीज घेते. येणारी-जाणारी दोन्ही युनिटे मोजणारे मीटर बसते, त्याला नेट मीटर म्हणतात. दिलेली युनिटे घेतलेल्या युनिटांतून वजा होतात आणि उरलेली पुढच्या महिन्याच्या खात्यावर जमा राहतात.

हे खाते आपल्या सोसायटीच्या खात्यासारखेच समजा. त्याला मार्चअखेर आहे! ३१ मार्चला वर्षाचा हिशेब बंद होतो. तोवर शिल्लक राहिलेली युनिटे पुढच्या वर्षात जात नाहीत. वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने महावितरण ती विकत घेते, आणि तो दर आपण ज्या दराने वीज विकत घेतो त्याच्यापेक्षा बराच कमी असतो. १ एप्रिलपासून खाते पुन्हा कोरे.

एक किलोवॅटच्या संचाला सुमारे शंभर चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा लागते. महावितरणच्या ठोकताळ्याप्रमाणे त्यातून महिन्याला सरासरी १२० युनिटे मिळतात. आपल्या खोऱ्यात पाऊस आणि ढग जास्त. एप्रिलच्या उन्हात दिवसाला पाचाच्या आसपास युनिटे देणारा संच आषाढ-श्रावणात दीड-दोनावर येतो. म्हणून आपण हात राखून वर्षाला १,२०० युनिटे धरू.

एका गोष्टीत मात्र वर्षाची रचना आपल्या सोयीची आहे. खाते एप्रिलमध्ये सुरू होते आणि ऊनही तेव्हाच कडक असते. एप्रिल-मेमध्ये जमा झालेली युनिटे भर पावसातल्या गणपतीला वापरता येतात. उलट दिवाळीनंतर मार्चपर्यंत साठलेली युनिटे बंद घरात कोणी वापरत नाही आणि ती मार्चअखेरीस कमी दरात जातात.

खर्च आणि अनुदान

केंद्र सरकारची 'पीएम सूर्यघर : मोफत बिजली योजना' फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. तिच्यात एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून मोठ्या संचाला जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान आहे. संच नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच घ्यावा लागतो, पॅनेले भारतीय बनावटीची लागतात आणि अनुदान काम पूर्ण झाल्यावर बँक खात्यात येते. म्हणजे आधी पदरचे किंवा कर्जाचे पैसे घालावे लागतात. कमी वीज वापरणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी राज्य सरकारनेही २०२५ मध्ये जादा अनुदानाची योजना आणली. आपण तिच्यात बसतो का, हे महावितरणच्या उपविभागात जाऊन विचारावे. बसत असल्यास खालचा हिशेब आपल्या बाजूने आणखी झुकेल.

हिशेबासाठी एक किलोवॅटच्या संचाची किंमत ६०,००० धरू. अनुदान वजा जाता पदरचे ३०,००० राहिले. हेच पैसे बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला २,१०० रुपये व्याज बसल्या जागी मिळते. तेव्हा संचाने वर्षाला २,१०० पेक्षा जास्त मिळवून दिले, तरच त्याला कमाई म्हणायचे.

विजेचा दर २०२४-२५ च्या दरपत्रकातून घेऊ. पहिल्या १०० युनिटांना वीज आकार ४ रुपये ७१ पैसे आणि वहन आकार १ रुपया १७ पैसे. १०१ ते ३०० युनिटांना वीज आकार १० रुपये २९ पैसे, वहन आकार तोच. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे पहिले शतक सुमारे ६ रुपये ८० पैशांना आणि पुढचे युनिट सुमारे १३ रुपये ३० पैशांना पडते. दर बदलत असतात. आपल्या ताज्या बिलावरचे आकडे घालून प्रत्येकाने हाच हिशेब पुन्हा करावा. शिल्लक युनिटांचा दर आपण समजुतीसाठी ३ रुपये धरू.

पहिले घर : दहा महिने कुलूप

समजा घर वर्षात ६० दिवस उघडे. मे महिना पूर्ण आणि गणपती, दिवाळी, जत्रा यांचे दहा-दहा दिवस. माणसे भरपूर, पंखे, फ्रीज, टीव्ही, मिक्सर, टाकी भरायची मोटर. दिवसाला चार युनिटे धरा. वर्षाला २४० युनिटे झाली. त्यांचे पैसे साधारण १,७५० रुपये.

महिन्याचा स्थिर आकार याशिवाय आहे. घर बंद असो की उघडे, सिंगल फेजला दरमहा १३० रुपयांच्या आसपास तो भरावाच लागतो. पॅनेल बसवले म्हणून तो माफ होत नाही. बिल शून्य येण्याची भाषा करणाऱ्याला आधी हा आकडा दाखवावा.

आता संच १,२०० युनिटे करणार आणि घर २४० वापरणार. ९६० युनिटे शिल्लक. तीन रुपयांनी २,८८० रुपये. वाचलेले १,७५० मिळवले तर ४,६३० झाले. पॅनेल पुसायला, गवत काढायला, बिघाड झाला तर वायरमन आणायला वर्षाला हजारभर रुपये धरले, तर हातात ३,६३० राहिले. ३०,००० रुपये फिटायला सव्वाआठ वर्षे लागली. पॅनेलाची हमी साधारण पंचवीस वर्षांची असते, त्यामानाने हे काही वाईट नाही.

पण थांबा. या कमाईतला मोठा भाग आला कुठून? घरात दिवा लावून नव्हे, वीज विकून आला. शिल्लक युनिटांना काहीच मिळाले नाही असे धरले, तर वर्षाला फक्त ७५० रुपये हाती लागतात आणि पैसे फिटायला ४० वर्षे लागतात. म्हणजे बंद घराच्या छपरावर संच लावणारा माणूस खरे तर विजेचा धंदा मांडतो. त्याच्या मालाचा दर दुसरा ठरवतो, गिऱ्हाईक एकच असते आणि माल घरात साठवून ठेवता येत नाही. ऊस उत्पादक सभासदाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

मेन स्विचचा प्रश्न

दुसरी अडचण याहून साधी आहे आणि तिच्यावर कोणी बोलत नाही. मुंबईला निघताना आपण काय करतो? गॅस बंद, नळ बंद, मेन स्विच पाडला, कुलूप लावले. शॉर्टसर्किट होऊ नये म्हणून हे शहाणपणाचेच होते. पण संच महावितरणच्या विजेशी जोडलेला असतो. तारेतून वीज आली नाही की इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडतो, कारण खांबावर काम करणाऱ्या वायरमनला उलटी वीज जाऊन धक्का बसू नये. मेन स्विच पाडलात की त्याच क्षणी संच थांबला. वर उन्हात पॅनेले चकाकत राहतील, मीटर मात्र हलणार नाही.

दहा महिने असे झाले तर घर उघडे असलेल्या साठ दिवसांतच संच चालेल. २०० युनिटे निघतील, १,३५० रुपये वाचतील. तीस हजार फिटायला बावीस वर्षे! अर्धे वर्षच चालला, बाकीचे अर्धे कुठल्याशा बिघाडाने किंवा उडालेल्या फ्यूजने बंद राहिला असे धरले, तर निगेचा खर्च वजा जाता १,८३० रुपये मिळतात. बँकेचे व्याज त्याहून जास्त आहे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशी गत.

म्हणून बंद घरावर संच बसवायचाच असेल, तर बसवणाऱ्याकडून घराची आतली वायरिंग आणि संचाची जोडणी यांना वेगवेगळे स्विच घालून घ्यावेत. घरातली वीज बंद करता यावी आणि संच चालू राहावा. सोबत चांगले अर्थिंग आणि वीजरोधक असावा. वळवाच्या पावसात आपल्या डोंगरांवर विजा किती पडतात, हे सांगायला नको.

आणखी एक गोष्ट. बिल थकले तर महावितरण आधी जोडणी तात्पुरती तोडते आणि पुढे कायमची. बंद घराचे शेदीडशे रुपयांचे बिल भरायचे राहून जाते, हे नेहमीचेच आहे. जोडणी तुटली की तिच्याबरोबर संचही थांबला. मुंबईत बसूनही बिल मोबाइलवर भरता येते. कोणत्या भावाने भरायचे एवढे ठरवून ठेवावे.

दुसरे घर : आई गावी, मुले मुंबईत

आता दुसरे घर घेऊ. आई-वडील गावी राहतात. नऊ महिने महिन्याला ५० युनिटे. मे, गणपती आणि दिवाळीचे महिने पाहुण्यांचे, तेव्हा १५० युनिटे. वर्षाची एकूण ९००.

या घराला आज विजेचे सुमारे ७,१०० रुपये पडतात, स्थिर आकार सोडून. त्यातले चार हजार केवळ त्या तीन महिन्यांचे, कारण शंभरच्या पुढचे प्रत्येक युनिट दुपटीने महाग. एक किलोवॅटचा संच ही ९०० युनिटे भागवतो आणि ३०० शिल्लक ठेवतो. त्यांचे ९००. वर्षाला ८,००० रुपये. ३०,००० रुपये चार वर्षांच्या आत फिटले. शिल्लक युनिटांना एक पैसाही मिळाला नाही असे धरले, तरी साडेचार वर्षांच्या आत फिटले.

छप्पर तेवढेच, ऊन तेवढेच, संच तोच. एका घरी चार वर्षांत पैसे सुटतात, दुसऱ्या घरी आठ वर्षे लागतात, कधी बावीस लागतात. फरक एवढाच, की पहिल्या घरात संध्याकाळी दिवा लावणारे कोणी आहे. ती म्हातारी बारा महिने वीज वापरते म्हणूनच संच फायद्यात जातो, आणि तीच इन्व्हर्टरवरचा दिवा हिरवा आहे की तांबडा हे बघते. फोनवर लेकाला सांगते, "बाबा, आज तांबडा दिसतोय." या बघण्याची किंमत कुठल्याच कोटेशनमध्ये लिहिलेली नसते.

आपण साखर कारखान्याचे सभासद आहोत. गाळप हंगाम चार-पाच महिन्यांचा असतो, पण यंत्रसामग्रीच्या कर्जावर व्याज बारा महिने चालते. म्हणून तर बंद हंगामात गव्हाण थंड असली तरी दुरुस्ती आणि देखरेख चालूच ठेवावी लागते, आणि कारखाने बगॅसवर वीज करून उत्पन्नात भर घालू लागले. भांडवल पडून राहिले की ते मालकालाच खाते. घरावरचे पॅनेलही भांडवलच आहे.

लोडशेडिंगमध्ये उजेड मिळेल का?

हा गैरसमज फार पसरला आहे. साध्या संचाला बॅटरी नसते. तारेतली वीज गेली की भर उन्हातही घरातला पंखा थांबतो. मुसळधार पावसात, गणपतीच्या दिवसांत, झाड पडून तार तुटली तर पॅनेल असलेले आणि नसलेले दोन्ही घरांत सारखाच अंधार.

अंधाराचीच अडचण असेल तर बॅटरीचा वेगळा विचार करावा. पण बंद घरात साधी पाण्याची बॅटरी दहा महिने पडली की ती खराब झालीच समजा. पाणी कोण घालणार? लिथियमची बॅटरी टिकते, परंतु महाग पडते आणि बॅटरीला सूर्यघर योजनेचे अनुदान मिळत नाही. दोन दिवे आणि एक पंखा एवढीच गरज असेल, तर मुंबईहून येताना चार्जिंगचे दिवे आणणे स्वस्त पडते. यात कमीपणा काही नाही.

सौर बंबाचेही तसेच. काचेच्या नळ्यांचा बंब बंद घरात कोरडा पडून तापत राहतो. आल्या आल्या भर दुपारी त्यात गार पाणी सोडले की नळ्या तडकतात. शिवाय आपल्याकडे माकडांचा उपद्रव आहेच. बारमाही राहत्या घरी बंब उत्तम. कुलूपबंद घरी नको.

मुंबईचे बिल गावच्या उन्हात

काही सभासद विचारतात, गावच्या छपरावर वीज करून मुंबईच्या खोलीचे बिल कमी करता येईल का? एकाच ग्राहकाच्या वेगवेगळ्या जोडण्यांत सौर युनिटे वाटून देण्याची तरतूद नियमांत आलेली आहे. मात्र जोडण्या एकाच वीज कंपनीच्या क्षेत्रात असाव्या लागतात. दादर-परळला बेस्टची वीज, उपनगरांत बहुतेक ठिकाणी अदानीची. त्यांचा या बाबतीत संबंध येत नाही. नवी मुंबई, भांडुप, मुलुंड येथे महावितरण आहे. तिथे राहणाऱ्यांनी दोन्ही बिले घेऊन उपविभागीय कार्यालयात जावे आणि उत्तर लेखी घ्यावे. तोंडी आश्वासनावर पैसे गुंतवू नयेत.

कागदपत्रांचा घोळ आधी सोडवा

आपल्याकडे सौर संच अडतो तो उन्हापायी नव्हे, नावापायी. वीजबिल अजून आजोबांच्या नावे, आजोबा जाऊन वीस वर्षे झाली, घर चौघा भावांचे सामाईक आणि छप्पर थोरल्याच्या वाटणीतले. असल्या घरात अनुदान कोणाच्या खात्यात जमा होणार आणि उद्या वाटणी झाली तर पॅनेल कोणाचे? वारस नोंद करून वीजजोडणीवर नाव आधी बदलून घ्यावे. भावाभावांनी एका कागदावर लिहून सह्या कराव्यात : खर्च कोणाचा, बिल कोण भरणार, शिल्लक कोणाची. पॅनेलावरून भावकीत वाद झाला तर त्याला कुठलेच अनुदान पुरणार नाही.

सूर्यघरचे अनुदान एका कुटुंबाला एकदाच मिळते, हेही लक्षात असावे. बंद घरावर ते वापरून टाकले, तर उद्या राहत्या घरासाठी मिळणार नाही.

मग करावे काय?

वरील सर्व विचार करता सभासदांनी पुढीलप्रमाणे वागावे, असे आम्हांस वाटते.

१. मागच्या बारा महिन्यांची बिले काढा आणि युनिटांची बेरीज करा. त्या बेरजेला १,२०० ने भागा. जेवढे किलोवॅट येतील, तेवढाच संच. एकट्या मे महिन्याचे बिल बघून संच ठरवू नका.

२. बेरीज ६०० युनिटांच्या वर असेल आणि घरात बारा महिने माणूस असेल, तर उशीर करू नका.

३. घर दहा महिने बंद असेल आणि शेजारी लक्ष ठेवणारे कोणी नसेल, तर तूर्त पैसे बँकेत ठेवा. निवृत्त होऊन गावी परतण्याचे साल जवळ आले असेल, तर त्या वर्षी संच बसवा. पॅनेलांच्या किमती गेल्या दहा-पंधरा वर्षांत उतरत आल्या आहेत. थांबण्याने फार नुकसान नाही.

४. बंद घरावर बसवायचाच असेल, तर स्विच वेगळे, अर्थिंग पक्के, बिल भरणारा ठरलेला आणि महिन्यातून दोनदा बघणारा शेजारी ठरलेला असावा. त्या शेजाऱ्याला काही मोबदला द्या. फुकटची देखरेख दोन महिन्यांत संपते.

५. तीन भावांपैकी एक गावी राहत असेल, तर तीन बंद-उघड्या घरांवर तीन संच बसवण्यापेक्षा राहत्या घरावर एक बसवा. मे महिन्यात सगळे तिथेच जेवणार आहेत.

शेवटचा विचार गावकीचा. प्रत्येक वाडीचे मुंबईला ग्रामस्थ मंडळ असते. मंदिराला, सभामंडपाला, कमानीला मंडळाने पुष्कळ दिले. गावच्या नळपाणी योजनेची मोटर बारा महिने चालते आणि तिचे बिल थकले की मे महिन्यात आलेल्या चाकरमान्यालाही हंडा घेऊन उभे राहावे लागते. दहा बंद घरांवर प्रत्येकी एक किलोवॅट लावण्याऐवजी तेवढाच पैसा पाण्याच्या मोटरीसाठी घातला, तर एकही युनिट वाया जाणार नाही. ग्रामपंचायतीच्या जोडणीचे नियम आणि दर वेगळे आहेत, ते ग्रामसेवकाकडून समजून घ्यावेत. मान्याचीवाडीने एक गाव म्हणून काम केले. इतर गावांनाही ते अशक्य नाही.

येत्या गणपतीत मंडळी गावी येतील. आरती झाल्यावर, जेवणे उरकल्यावर, बारा महिन्यांची बिले आणि एक कोरा कागद घेऊन सगळे भाऊ बसा. आकडे मांडायला अर्धा तास पुरतो. विक्रेत्याला त्यानंतर बोलवा.